चौथाई पाणी

नरेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याला, कंपनीत, शिफ्ट संपवून हात धूत होतो. "भावजी, हे कारखान्यातच... बसल्या जागी..." वैशाली वहिनींना पुढे बोलवेना. बसल्या जागी! हा माणूस आयुष्यात कधी एका जागी बसला होता? पेण येईपर्यंत गाडीत मलाही बसवलं नाही. दारापाशी जायचं, आत यायचं, पुन्हा दारापाशी.

नरेश माझा शाळेपासूनचा मित्र, गणपतींच्या कारखान्यात रंगकाम करायचा. काही वर्षांपूर्वी त्याने घरात माशांची काचेची टाकी आणली आणि सगळ्यांच्या जिवाला घोर लावला. पाण्याचा पीएच मोजायचं त्याला वेडच लागलं. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाणी आम्लाकडे, निळं झालं तर उलट, आणि याला हवं हिरवं. पिवळं दिसलं की खायचा सोडा, निळं दिसलं की बदामाची वाळकी पानं. सोबतच्या कार्डाशी रंग जुळवताना तर भांडणच. "ह्याला हिरवा म्हन्तात व्हय? छापनाऱ्याचे डोले गेलेत!" रंगाऱ्याला कोण समजावणार? कंपनीत आमचाही दिवस पीएचमध्येच जातो, पण इतका जीव आम्ही कधी जाळला नाही. या सोडा-पानांच्या ओढाताणीत त्याचे पहिले मासे मेले. त्या दिवशी तो जेवला नाही. मग कुठे त्याने पाण्याची पाठ सोडली. जुन्या टाकीचं पाणी पिवळ्याकडे झुकतं तर झुकू दे, एकदम काही बदलायचं नाही. आठवड्याला चौथाई पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं. "मासं पान्याला सरावतात रे," मला म्हणाला होता, "आपनच सरावत नाय."

सुतक फिटलं तसं घर धुतलं, भरून ठेवलेलं पाणी रीतीप्रमाणे ओतून टाकलं. हंडे झाले, पिंप झालं... आणि नरेशची आई बादली घेऊन टाकीपुढे उभी राहिली.

"आये, ते नको," मी म्हणालो. "सगळं एकदम बदललं तर मासे मरतील."

"त्याचा हात लागलेला हाय ह्या पान्याला. हे ठेवलं तर माजा पोर हितंच घुटमळंल. त्याला सुटू दे, बाबा."

वहिनी टाकीला पाठ लावून उभ्या राहिल्या. हलायला तयार नव्हत्या. त्यांना तेच पाणी हवं होतं, आणि त्याच कारणासाठी. मला दोघींकडेही बघवेना.

"किती काडलं तर मासं जगतील?" शेवटी आयेनेच विचारलं.

"चौथाई. दर आठवड्याला."

"म्हंजे चार येला काडलं का सगलं गेलं?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. चौथाई काढून नवं घातलं की जुनं-नवं एक होतं; पुढच्या चौथाईत नवंही जातं. असं कितीदाही काढा, जुनं थोडं मागे राहतंच. मी म्हणालो, "व्हय आये, चार वेळा."

त्या रविवारपासून मी दर रविवारी पेणला जात राहिलो. आये तांब्याने पाणी काढायची आणि परसात माडाच्या बुंध्याशी ओतायची. माझा जीव थाऱ्यावर नसायचा. पोर गेलेल्या बाईशी आपण खोटं बोललो, आणि तेही पाण्यावरून. गेल्या रविवारी चौथी खेप झाली. नवं पाणी घालून झालं. वहिनींनी नळीत थेंब टाकले, रंग पिवळाच. मी घाईघाईने म्हणालो, "झालं आये. आता सगळं गेलं."

आये नरेशच्या पाटावर टेकली.

"माजा जनम मिठागरात गेला. चार तांबे गोडं पानी ओतलं म्हनून खार जातो व्हय रे?" तिने पदराने काचेवरचा ओघळ पुसला आणि वहिनींकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे थोडा. हिलापन, मलापन."