सायबर कॅफेतल्या टापटिपीच्या बाई

कसबा बावड्यात सायबर कॅफे चालवणाऱ्या बाईंचं नाव मला कधी कळलं नाही. गिऱ्हाईक उठलं की त्या पदर खोचून कीबोर्ड पुसायच्या आणि संगणकावर राहिलेल्या सगळ्या फायली उडवून टाकायच्या. तेव्हा माझ्याकडं संगणक नव्हता, म्हणून शिरोलीच्या एका कारखान्यासाठी मी तिथं बसून प्रोग्रॅम लिहीत होतो. तो त्यांनी दोनदा उडवला.

"दुसऱ्याचं उष्टं कोण ठेवतंय व्हय?" त्या म्हणाल्या.

शेवटी मी परदेशातल्या एका सर्व्हरवर थोडी जागा भाड्यानं घेतली आणि कॅफेत बसून सगळं काम तिकडंच करायला लागलो. बाई पुसायला आल्या, की त्यांना उडवायला काही सापडेना. एक दिवस त्या माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"पावणं, पसारा कुठं ठेवताय?"

मी सगळं समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"मग तिकडं आवरतंय कोण?"

"कुणीच नाही."

बाईंचा चेहरा उतरला. खुर्ची ओढून त्या शेजारी बसल्या. "मला उघडून द्या की. तासाभरात लख्ख करून देते."

माझ्या कामाची एवढी काळजी कारखान्याच्या मालकालाही नव्हती. तरीपण त्या दिवसापासून पासवर्ड टाकायच्या आधी मी बाईंना चहा सांगायला बाहेर पाठवू लागलो.