सेटअप काढला मी, नाव झालं मॅडमचं

मंडळी, आज मी जळतोय. उगाच मोठेपणाचा आव आणत नाही.

आमच्या कशेळीच्या गोदामात ई-वे बिलं काढायला चौघांत मिळून एकच कॉम्प्युटर. आज सकाळी आमच्या चौघांतल्या शफीकभाईंनी पेनड्राइव्हमधली नको ती फाइल उघडली, येस येस दाबत गेले, मशीन रीस्टार्ट झालं आणि समोर नवीन विंडोजचा सेटअप! बिलाशिवाय माल बाहेर सोडता येत नाही, म्हणून गेटवर गाड्या खोळंबलेल्या, मी अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये.

मग सगळ्यांनी रजेवर असलेल्या शिल्पा मॅडमना फोन लावला. या नव्या अकाउंटंट. त्या एवढंच म्हणाल्या, “नेक्स्ट दाबू नका. कशाला हात लावू नका. गुरवभाऊंना येऊ द्या.”

गुरवभाऊ म्हणजे मी. आलो, सेटअप बंद केला, जुनी विंडोज चालू केली. एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच सेटिंगमध्ये बूट टॅबवरून सेटअपची नोंद उडवली, त्याने बनवलेलं फोल्डर काढलं, परत रीस्टार्ट करून खात्री केली. कुठलाही क्लास न लावता शिकलोय हे.

शेठ खूश. “मॅडमने बचा लिया आज!”

“और मैं, शेठ?”

“तू तो रोज का है रे!”

खरं सांगू? शेठ चुकले नाहीत. कोणी नेक्स्ट दाबत डिस्क फॉरमॅट केली असती, तर माझी विद्या काय कामाची? आणि माझं नाव घेतलं तेही मॅडमनीच. तेच जास्त झोंबतंय.

त्यांना ‘थँक यू’ टाइप करून ठेवलंय, पण पाठवायला बोट उचलत नाही. तुम्ही पाठवलं असतंत?