इंजिनाचा पट्टा गळ्यात घालणारे हुसेनचाचा

माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि अक्षर तर विचारूच नका. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहिले ते वाण्याच्या यादीपुरते. हे कोणाच्या हाती पडलेच तर चुका पोटात घालाव्यात. हुसेनचाचांविषयी बोलणे मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते.

लग्न होऊन मांडवीला आले तेव्हा घरामागच्या मांगरात आमचा तसबिरींच्या चौकटी करण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक तेलाचे इंजिन आणि त्यावर पट्ट्याने चालणारी गोल करवत. करवतीच्या मेजावर लोखंडी पट्टी तिरकी बसवलेली असे. तिला टेकवून लाकूड कापले की चौकटीचे कोपरे बरोबर जुळत. मी चहा घेऊन गेले, तर एक दाढीवाला उंच माणूस इंजिनाचा चामडी पट्टा गळ्यात घालून करवतीपाशी वाकलेला. ते आमचे मिस्त्री, जवळच्या राजिवड्याचे हुसेनचाचा.

पाते साफ करायचे म्हटले की ते आधी इंजिन बंद करीत, मग पट्टा उतरवून गळ्यात घालीत. त्याशिवाय पात्याला बोट लावीत नसत. तसबीर न्यायला आलेले एक गिऱ्हाईक एकदा म्हणाले, "काय मिस्त्री, आज नवरदेव का?"

"इंजिनाशी लगीन लागू नये म्हणून घातलाय," चाचा म्हणाले. "ती बाय एकदा हात धरते, तो सोडत नाय."

फणसाच्या लाकडाचा चीक पात्यावर बसून काळा होई. मग पाते तापे, लाकडात अडके. चाचा ते उतरवून घमेल्यात रॉकेलमध्ये भिजत घालीत आणि नारळाच्या सोडणाने घासीत. तेवढा वेळ मांगरात विडी नाही की पेटती चिमणी नाही. पुसून कोरडे केले की प्रत्येक दात उजेडात बघायचा, आणि शेवटी उंडीच्या तेलाचा हात. तिरक्या पट्टीच्या खाचेतला भुसा ते कुंच्याने काढीत; हाताने कधी नाही, आणि फुंकर मारून तर नाहीच. "एक कण राह्यला तर देवाच्या कोपऱ्यात फट पडेल, आणि फुंकर मारलीस तर तुझ्या डोळ्यात," असे मला सांगत. मी दारामागे उभी राहून ऐके. बाहेरच्या माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

एका शुक्रवारी चाचा नमाजाला गेले होते. एक व्यापारी वीस चौकटी आजच पाहिजेत म्हणून मांगरातच खुर्ची टाकून बसला होता. पाते चिकाने अडकू लागले. इंजिन बंद केले तर पुन्हा हँडल मारता मारता घाम निघे, म्हणून आमच्या ह्यांनी ते चालूच ठेवले. पट्टा फक्त शेजारच्या, नुसत्याच फिरणाऱ्या रिकाम्या चाकावर सरकवला. पाते थांबले. हे फडके घेऊन पुसू लागले.

मी चहाचा कप घेऊन दारात होते. पट्टा हळूहळू परत सरकताना मी पाहिला. पण परक्या माणसासमोर नवऱ्याला कसे टोकायचे? मी पदर सावरत राहिले. तेवढ्यात पाते फिरले. ह्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली.

आठवड्याने चाचांना मी सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते.

"वयनी, माणसासमोर लाज. यंत्रासमोर लाजायचं नाय गो. बोंबलायचं."

डॉक्टरचे पैसे द्यायचे होते आणि करवतीचा हप्ता थकला होता. मुंबईचा दुकानदार यंत्र उचलून नेणार होता. चाचांनी पत्र्याचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. आत साडेतीनशे रुपये होते. त्यांच्या घरावर माडाच्या झापांचे छप्पर होते. कौले घालायला त्यांनी ते वर्षानुवर्षे साठवले होते.

हे म्हणाले, "चाचा, तुमचं घर गळतंय."

"गळंल आणखी एक साल. यंत्र गेलं तर शेट तुम्ही खाणार काय, आणि मी कापणार काय?"

पुढे चाचा कापीत आणि ह्यांच्या जागी मी हाताखाली उभी राही. संध्याकाळी पाते साफ करणे माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी चाचांनीच पट्टा माझ्या गळ्यात घातला. तो इतका जड असेल असे वाटले नव्हते. चौकटी विकून आम्ही दहा-वीस करत पैसे फेडत होतो, पण कौलांपुरती रक्कम एकदम कधी जमली नाही. दर चैत्रात ते म्हणत, "होईल गो, घाई काय?"

चौथ्या वर्षी त्यांचा खोकला वाढला. भुसा छातीत बसलाय, असे ते स्वतःच म्हणत. श्रावणात मी राजिवड्याला भेटायला गेले, तेव्हा चाचीने खाट तिसऱ्यांदा हलवली होती; तरी पायथ्याशी पाणी टपकत होते. चाचांनी पायथ्याशी ठेवलेले पातेले दाखवून मला हसवायचा प्रयत्न केला. "बघ, आमच्या घरात नळ आला." त्याच आठवड्यात ते गेले. त्यांचे नव्वद रुपये तेव्हा आमच्याकडून फिटायचे राहिले होते.

ते जमवायला दिवाळी उलटली. मी एकटीच गेले. पैसे पुढे केले तर चाचीने हात मागे घेतला.

"आता कौलं कोणासाठी घालू गो?"

मी तिचा हात ओढून घेतला, नोटा ठेवल्या आणि तिची मूठ मिटली. साडेतीनशे रुपये पुरे फिटले.