गोठलेलं खोबरेल

हिवाळ्यात हात उबदार ठेवायला काखेइतकी चांगली जागा देवानं दुसरी केलेली नाही. पण काखेत हात घालून मेथी उपटता येत नाही, एवढीच अडचण. तळेगावच्या बाजाराला न्यायची मेथी आम्ही उजाडता उजाडता काढतो आणि तेव्हा पानापानावर दव असतं. बोटं आधी झोंबतात, मग ठणकतात, मग ती आपली राहतच नाहीत. जुडीची गाठ बसली की नाही, हे डोळ्यांनी बघावं लागतं. सणसवाडीला कंपनीत लागलेल्या भाच्यानं मला मोठ्या कौतुकानं पांढरे हातमोजे आणून दिले होते. पहिल्या वाफ्यातच ते चिंब झाले आणि उघड्या हातांपेक्षा जास्त गार पडले. मी ते बांधावर वाळत टाकले आणि तोंडाची वाफ बोटांवर सोडत बसले.

त्या सकाळीही असंच चाललं होतं. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विहिरीवरून हाक मारली तेव्हा निम्मी मेथी काढून झाली होती. पाइपाच्या तळाशी, पाण्यात बुडालेला जो फूट व्हॉल्व्ह असतो, त्याला आमच्याकडं सगळे फुटबॉल म्हणतात. तर तो फुटबॉल चोंदला होता. मोटार नुसतीच घुंई करायची, पाणी उचलायची नाही. त्या आठवड्यात शेताला दिवसाची लाइट होती आणि नुकतीच लावलेली कांद्याची रोपं माना टाकायला लागली होती. मोटारीचा मेकॅनिक हल्ली कंपनीत जातो, रविवारशिवाय सापडत नाही. म्हणून मालक स्वतःच खाली उतरणार होते.

आमच्या विहिरीला दगडी पायऱ्या आहेत, पण निम्म्यापर्यंतच. त्याखाली सरळ तासलेला खडक. पाण्याच्या जरा वर एक आडवा लोखंडी गर्डर आहे आणि त्याच्यावर मोटार बसवलेली आहे. शेवटच्या पायरीवरून पाण्यापर्यंत जायचं तर कमरेला दोर बांधून लोंबकळतच जावं लागतं. वर काठावर गाळ काढायच्या वेळची लोखंडी चौकट आणि कप्पी आहे, दोर तिच्यावरून घ्यायचा. एरवी अशा कामाला शेजारच्या मामांचा ट्रॅक्टर लावतात. तो ऊस घेऊन पाटसच्या कारखान्याला गेला होता. ट्रॅक्टर नव्हता म्हणून मामा स्वतः आले. दोर धरायला मामा, मी आणि माझे सासरे, असे तिघे.

सासऱ्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो, मीही तेच म्हणते. आप्पा काठाजवळ शेकोटी करून बसले होते. थंडीत त्यांच्या हातांना भेगा पडतात, इतक्या खोल की विळा धरला तरी रक्त येतं. खोबरेलाची बाटली गोठून पांढरी झालेली, ती त्यांनी विस्तवाजवळ ठेवली होती. तेल पातळ झालं तसं तळहातावर ओतून त्यांनी दोन्ही हात मनगटापर्यंत चोळले, विस्तवावर धरले, परत चोळले. मी बघत होते. बरं वाटलं मला, खरं सांगते. इतकं सुख चेहऱ्यावर असलेले आप्पा फारसे बघायला मिळत नाहीत.

मग ते उठले, धोतराला वरवर हात पुसले आणि दोरावर सगळ्यांत पुढं, कप्पीजवळ उभे राहिले. पुढचा मान त्यांचाच. त्यांच्या मागं मामा, शेवटी मी. माझ्यामागं दोराचं टोक बाभळीला बांधलेलं होतं, पण मधे ढील इतकी, की आम्ही सोडला असता तर बाभळीला ताण बसायच्या आधीच माणूस गर्डरवर आपटला असता.

मालक पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवरून त्यांनी अंग सोडलं तेव्हा दोर ताणला. नायलॉनचा दोर, बधिर हातांतून हळूहळू पुढं सोडताना तळव्याला काही कळत नव्हतं. मी दोराकडं बघतच होते, जुडीच्या गाठीकडं बघावं तशी. ते नीट पाण्यात उतरले.

"पाणी कसलं कोमट हाय!" खालून आवाज आला. "तुम्हीच मरा गारठ्यात!"

हिवाळ्यात विहिरीचं पाणी उबदार असतं, वर वाफा येतात. मामा हसले. मला राग आला. माणसाचं चित्त कामात असावं, गप्पांत कशाला? पण फुटबॉल लवकर निघाला. जाळीत शेवाळ आणि प्लास्टिकची पिशवी अडकली होती. साफ करून त्यांनी तो परत बसवला आणि ओरडले, "वढा आता!"

आम्ही ओढायला लागलो. पहिले काही हात नीट गेले. ओल्या कपड्यांनी त्यांचं वजन वाढलं होतं. गर्डरच्या वर ते आले असतील नसतील, तोच दोर एकदम पुढं सरकला. माझे दोन्ही हात मामांच्या पाठीला जाऊन लागले. खालून शिवी आली.

"हात बधिर झाल्यात रं," आप्पा म्हणाले. "जोर लावा."

आम्ही जोर लावला आणि दोर पुन्हा सरकला. मामा पाय रोवून मागं रेलले. मीही रेलले, आणि तेव्हा ओला, गुळगुळीत दोर माझ्या नाकासमोर आला आणि मला खोबऱ्याचा वास आला.

डोक्यात लख्ख झालं. दोर खाली सोडताना आप्पांच्या मुठीतून गेलेला सगळा भाग तेलानं माखला होता. आता तोच भाग वर येऊन आधी मामांच्या आणि मग माझ्या हातांत येत होता. जितकं ओढू, तितकं तेल आमच्या हातांना लागणार. आणि शेवटची पायरी अजून मालकांच्या हाताच्या वर होती.

"आप्पा, दोर सोडा!" मी ओरडले. "तुमच्या हाताला तेल हाय!"

लग्न झाल्यापासून सासऱ्यांपुढं माझा आवाज असा कधी चढला नव्हता. आप्पांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. दोर आणखी घट्ट धरला त्यांनी, आणि तो आणखी सरकला.

"सोडू म्हंतीस? पोरगं हाय माझं खाली!"

"माझा बी नवरा हाय! तुमच्या हातानंच जातंय त्ये. सोडा, आन् राखंत हात घाला!"

असं म्हणेपर्यंत मी दोराचा वेढा कमरेभोवती घेतला होता. हातांवर माझा विश्वासच उरला नव्हता. लुगडं तरी दोराला धरून ठेवील, असं वाटलं. खाली बसले, टाचा काठाच्या दगडाला लावल्या आणि वेढ्यामागचा दोर मांडीवर दोन्ही मुठींत आवळला.

"व्हय आप्पा, सोडा," मामा म्हणाले. "आमी धरतो."

आप्पांनी सोडला. सगळं वजन माझ्या कमरेत आलं. श्वास घेता येईना. खाली मालक काहीतरी ओरडत होते, ते मला शब्दांत कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की ओरडतायत म्हणजे आहेत. भीती म्हणजे काय, हे मी त्या दगडाजवळ शिकले. मनात फक्त, धर, धर, धर.

आप्पांनी शेकोटीत हात घातले. वरची राख निवली होती, पण खाली निखारे होते. "हां" असा एकच आवाज त्यांच्या तोंडून निघाला. गरम राख तळहातांत चोळत ते पळत आले आणि मूठभर राख मामांच्या हातांवरही टाकली. मग त्यांनी मामांच्या पुढचा दोर धरला, तसा तो जागचा हलला नाही. दोघांनी एक एक हात मागं घेतला. प्रत्येक हातागणिक मी कमरेचा वेढा आवळत गेले. कप्पी करकरत होती. मग दोर हलका झाला. खाली मालकांनी पायरी धरली होती.

मालक पायऱ्या चढून वर आले. ओठ निळे, ढोपर सोललेलं. वर येताच त्यांचा पारा चढला. माणूस घाबरला की रागावतो, हे मला आता समजतं. तेव्हा समजलं नाही.

"मधीच सोडला कुनी? गर्डरवर डोकं फुटलं असतं माझं!" आणि मग थेट माझ्याकडं बघून, "तुला झेपत न्हाई तर आधी सांगायचं व्हतं की!"

मामा दुसरीकडं बघायला लागले. बापलेकांमध्ये कशाला पडा, असा त्यांचा हिशेब. मला वाटलं, आता हे असंच राहणार. गावात हेच सांगितलं जाणार, बाईच्या हातून दोर सुटला. आप्पा मोठे, घरचे कर्ते, गावातला मानाचा माणूस. ते कशाला बोलतील?

आप्पा राखेनं काळे झालेले हात पुढं धरून उभे होते. उजव्या तळव्यावर फोड उठायला लागले होते.

"तेल मी लावलं व्हतं," ते म्हणाले. "दोर माझ्या हातनं सुटला. तिच्या हातनं न्हाई." मग माझ्याकडं मान करून म्हणाले, "तिच्या हातनं तर अजून सुटंना. बघ जरा."

तेव्हा मी खाली बघितलं. दोर अजून माझ्या मुठींत होता. मी सोडायला गेले, तर बोटं उघडेनात.

मालक माझ्यासमोर उकिडवे बसले. आप्पा आणि मामा तिथंच उभे असताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि करंगळीपासून एकेक बोट सोडवायला लागले. पहिल्या दोन बोटांचं मला काहीच जाणवलं नाही. तिसरं उघडलं तेव्हा दुखलं, आणि मी मोठ्यानं रडले.