दगडाला माहेरी नेताना

आमच्या उरणच्या द्रोणागिरी डोंगराविषयी बाबा एकच गोष्ट सांगायचे: मारुतीराया हिमालयातून डोंगर उचलून निघाला, तेव्हा त्याचा एक तुकडा इथे खाडीकाठी पडला. ऐंशीच्या दशकात नव्या शहरासाठी आमचं मिठागर गेलं. बसून राहणं बाबांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी डोंगरावरचा मुठीएवढा दगड धुऊन पिशवीत घातला.

"याला याच्या आयशीला भेटवून परत आनतो. तू येतंस, का मी येकटाच जाऊ?"

त्यांच्या गुडघ्यांचं कारण काढून मी बरंच अडवलं. शेवटी तुर्भ्याच्या कारखान्यात रजा टाकली आणि त्यांच्यासोबत हिमालयाकडे निघाले. हट्ट आमच्या घराण्यातच आहे.

ऋषिकेशहून जोशीमठची बस नदीला सोडतच नाही. जाणार असाल तर दरीकडची खिडकी धरा आणि पोट हलकं ठेवा. जोशीमठच्या पायथ्याशी विष्णुप्रयागला अलकनंदेला धौलीगंगा येऊन मिळते, तिथे शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. भरती-ओहोटीत जन्म गेलेले बाबा माझ्या कानाशी ओरडले, "हिकरं पानी परत येतच नाय गो!"

सरहद्द जवळ, म्हणून जोशीमठला परवाना काढावा लागला. तो आधी घ्या, मगच पुढचं ठरवा. ट्रकने धौलीगंगेच्या काठाने वर गेलो, झुलता पूल ओलांडला आणि चढ लागला. आधी देवदार, मग भूर्ज, मग नुसतं गवत. बाबा दर वळणावर बसायचे आणि मी "परत जाऊ या" म्हणायच्या आत उठायचे. मला त्यांचा रागही येत होता आणि अभिमानही वाटत होता.

वर आमच्या डोंगराच्याच नावाचं द्रोणागिरी गाव, आणि गावासमोर बर्फाचा प्रचंड पहाड. एका म्हातारीने अंगणात बसवून मिठाचा चहा दिला. बाबा खूश. हात जोडून खणखणीत ओरडले, "जय बजरंगबली!"

म्हातारीने बाबांपुढचा पेला उचलून घेतला. आजूबाजूच्या बायका उठून गेल्या.

"यह पहाड़ हमारा देवता है," ती म्हणाली. "उसकी बाँह उखाड़ ले गया वो. उस चोर का नाम यहाँ कोई नहीं लेता."

बाबांचा चेहरा पडला. इतकं चालून दारातूनच परतायचं की काय, म्हणून मला रडू यायला लागलं. बाबांनी पिशवीतून दगड काढला.

"माई, तुमारे देव का तुकडा हमारे गाव में गिरा. हम संबाला. ये लो."

तिने दगड उलटसुलट पाहिला. "जुग बीत गए. लौटाने कोई नहीं आया था."

पहाडाकडे तोंड करून तिने तो देवतेच्या निशाणाखाली ठेवला. मग नवा चहा आला.

"परत न्यायचा होता ना?" मी हळूच विचारलं.

"आयशीच्या मांडीवरशी कोन उचलनार?" बाबांनी डोळे पुसले.

उतरताना त्यांचे गुडघे फार दुखले, पण कुरकुर नाही.

घरी आल्यावर पहिल्याच शनिवारी नेहमीसारखे तेल घेऊन ते मारुतीच्या देवळात गेले. मीही मागोमाग गेले. तेल घालायच्या आधी कमरेवर हात ठेवून ते देवाला दटावत होते, "तुज्यामुले मना तिकरं बोलनी खावी लागली. येक दगड मी नेऊन दिला. बाकीच्या डोंगराचा तुजा तू बग."