काकूंची हनुवटी

मैत्रिणींनो, आज पार्लर उघडलंच नाई. मन लागून नाई राह्यलं.

सिंदीत माझं छोटंसं पार्लर आहे. आमच्या गल्लीतल्या काकू आज पहाटे गेल्या. त्यांची पोरगी दारात येऊन म्हणाली, "ताई, धागा घेऊन चाल. आई सवाशीण गेली, सारे तोंड पाहाले येतीन. हनुवटीवरचे केस तसे राहू देऊ नको."

काकू एकदाच पार्लरमध्ये आल्या होत्या, तोंडावर पदर धरून. साऱ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. मी तिथूनच मोठ्यानं विचारलं, "काकू, दाढी काढायची काय?" बाया हसल्या. मीही हसले.

"नाई वं, सहज आलती," म्हणून काकू परत गेल्या. पुन्हा कधी आल्या नाई.

आज आंघोळीनंतर, हळद-कुंकू लावायच्या आधी, मी त्यांच्याजवळ बसले. धागा दातात धरला अन् सवयीनं हळूच बोलून गेले, "काकू, हनुवटी ताणून धरा."

पोरीनं रडत रडत धरली.

सांगा ना बायांनो, तेव्हाही एवढ्याच हळू आवाजात विचारलं असतं, तर माझं काय बिघडलं असतं?