ओवाळणीची आचारसंहिता

नगराध्यक्षपदासाठी मी अपक्ष उभा राहिलो आणि प्रचार सुरू झाला म्हणेपर्यंत संपलाही. चिन्ह मिळालं कुकर. शिट्टी कधी होणार, हे अख्खं गाव मला विचारत होतं. प्रकाशा या तीर्थाच्या गावी जाऊन नारळ फोडला आणि केळीची कामं सोडून आलेल्या चार मित्रांना घेऊन गल्ल्या पालथ्या घालायला लागलो.

आमच्याकडे दारात आलेल्या उमेदवाराला बायका ओवाळतात. ओवाळून घेणाऱ्याने ताटात काहीतरी टाकायचं, ही रीत. पण आचारसंहितेत मतदाराला दमडी दिली तरी गुन्हा, आणि निवडणूक पथकाचा कॅमेरावाला सावलीसारखा मागे. मी आपला हात जोडून उभा. एक मावशी शेजारणीला ऐकू जाईल इतपत हळू म्हणाली, "हाऊ आतेच हात आखडी ऱ्हायना, निवडी उना तं काय दी?" कपाळभर कुंकू लावून घ्यायचं आणि वर चिंगूस ठरायचं! मला भयंकर चीड यायची.

शेवटच्या दिवशी फेरी धाकट्या बहिणीच्या गल्लीत होती. माझ्याविरुद्ध उभा होता तिचा सख्खा दीर. घर एकत्र, दार एकच. भावाने ताट रिकामं ठेवलं तर सासरी तिला जन्मभर ऐकावं लागणार. नोट टाकली तर माझी उमेदवारी गोत्यात. आणि ती बाहेरच आली नाही तर? मला खरी धास्ती त्याची होती. "गल्ली टाळू या," एक मित्र म्हणाला. मी त्याच्यावर असा खेकसलो की तो बिचारा दोन दारं मागेच राहिला.

ओट्यावर बहिणीची सासू बसली होती. शेजारी दीर चहा पीत होता. "या अध्यक्ष," तो मिश्कील हसला. तेवढ्यात बहीण बाहेर आली. एका तळहातावर पेटलेलं निरांजन, दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा. कॅमेरावाला पुढे सरसावला. भाऊबिजेच्या सवयीने माझा हात खिशाकडे गेला.

"भाऊ, खिशामा हात घालू नको. ताट लई उनूच नही मी," ती म्हणाली. पाहतो तर खरंच ताट नव्हतं. "आनि मन्हं मत दीरले शे, ते बी आतेच सांगी ठेवस."

गल्ली खो खो हसली. कॅमेरावालाही हसला. मला मात्र राहवलं नाही. "मंग ववाळस कशाले?"

करंडा ओट्यावर ठेवून तिने कुंकू लावलं. तापलेलं निरांजन तळहाताला चटके देत असणार, तरी तिने ते सावकाश फिरवलं.

"तू मत मांगाले उना व्हशी," ती म्हणाली, "मन्हा दारवर तं मन्हा भाऊ उना ना."

माझे डोळे भरून आले. कॅमेऱ्यात तेही गेलं असेल. निकालात तिचा दीर अध्यक्ष झाला आणि खरं सांगतो, मला फारसं वाईट वाटलं नाही.